मृत्यूनंतर समिती बसते, वाचलेल्याला फोन कोण करतं?

जळगाव-धुळ्यात रात्री-अपरात्री मानसिक संकट ओढवलं तर कुठे जायचं, कोणता नंबर लावायचा, कायदा काय म्हणतो आणि आपल्या यंत्रणेत नेमका कोणता दुवा गायब आहे?

खान्देशात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी यंत्रणा कामाला लागते. पोलिस पंचनामा करतात. तलाठी घरी येतो. सातबारा, कर्जाची कागदपत्रं, शवविच्छेदन अहवाल असं सगळं गोळा होतं. तहसीलदारांचा अहवाल वर जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात.

आता समजा, तोच माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचला. चार दिवस आयसीयूत राहिला, वाचला, डिस्चार्ज घेऊन गावी परतला. त्याच्या घरी कोण जातं? आठ दिवसांनी त्याला फोन करून 'आता कसं वाटतंय' असं कोण विचारतं? त्याच्यासाठी ठरलेली समिती नाही, ठरलेला अहवाल नाही, ठरलेली मुदत नाही. कर्ज तेच, घरातला ताण तोच, त्यात आता गावाची कुजबुज.

आत्महत्येचा आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात मोठा इशारा असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, त्याच्याकडेच आपण पाठ फिरवतो.

म्हणून या लेखाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आज उपलब्ध असलेली मदत कशी गाठायची ते आहे. दुसऱ्या भागात, जी मदत नाही पण मागायला हवी, तिच्याबद्दल.

आधी हे तीन नंबर सेव्ह करा

व्हॉट्सॲपवर हेल्पलाइनची लांबलचक यादी अधूनमधून फिरते. दहा-बारा नंबर असतात. त्यातले काही बंद पडलेले असतात, काही ठरावीक वेळेतच चालतात. संकटाच्या वेळी माणूस यादी वाचत बसत नाही. एक नंबर लागला नाही तर दुसरा लावण्याचं बळही त्याच्यात नसतं. त्यामुळे तीनच नंबर लक्षात ठेवा.

• १४४१६ : टेली-मानस. मन मोकळं करायचं आहे, जगणं नकोसं वाटतंय, घरातल्या कुणाची तरी काळजी वाटतेय, अशा वेळी. मोफत, २४ तास, मराठीतही. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६.

• १०८ : रुग्णवाहिका. शरीराला इजा झाली आहे, विष पोटात गेलं आहे, माणूस बेशुद्ध आहे, अशा वेळी.

• ११२ : पोलिस आणि आपत्कालीन मदत. माणूस घरातून निघून गेला आहे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे, अशा वेळी.

लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८ आणि महिलेला घरात मारहाण होत असेल तर १८१ हे दोन नंबरही उपयोगाचे. पण गोंधळ उडाला तर ११२ लावा. तिथून पुढे जोडून देता येतं.

नियम सोपा आहे. जीव आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर आधी १०८ किंवा ११२. बोलायला वेळ आहे असं वाटत असेल तर १४४१६.

१४४१६ लावल्यावर काय होतं?

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं मुख्य केंद्र आहे. सेवा २० भाषांत मिळते. सुरू झाल्यापासून तिच्यावर २० लाखांहून अधिक कॉल आले आहेत. म्हणजे तुम्ही हा नंबर लावणारे पहिले नाही.

फोन लागला की आधी भाषा विचारली जाते. मराठी निवडा. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. प्रश्न गंभीर असेल, औषधाची गरज असेल तर कॉल पुढच्या पातळीवर, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवलं जातं. टेली-मानसचं मोबाईल ॲपही आहे. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं.

दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. एक, फोन स्वतः त्रासात असलेल्यानेच करावा असं नाही. बायको नवऱ्यासाठी, मुलगा वडिलांसाठी, रूम पार्टनर मित्रासाठी फोन करून 'मी आता त्याच्याशी काय बोलू' असं विचारू शकतो. दोन, शुद्ध मराठी बोलायची गरज नाही. आपल्याकडे कुणी अहिराणी बोलतं, कुणी तावडी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी. समोरच्याला एखादा शब्द कळला नाही तर तो पुन्हा विचारेल. पावरी बोलणाऱ्या आजीसाठी नातवाने शेजारी बसून दुभाष्या व्हावं, इतकंच.

रात्री दोन वाजता कुठे जायचं?

मोबाईलवर 'सायकियाट्रिस्ट निअर मी' असं शोधलं की शहरातल्या क्लिनिकची नावं येतात. बहुतेकांच्या पुढे 'बंद आहे, सकाळी १० ला उघडेल' असं असतं. रात्रीच्या संकटात हा शोध उपयोगाचा नाही. रात्री उघडं असतं ते सरकारी रुग्णालयाचं कॅज्युअल्टी, म्हणजे अपघात विभाग.

जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. जुने लोक आजही त्याला 'सिव्हिल'च म्हणतात. धुळ्यात चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आलाच. दिवसा ओपीडीत केस पेपर काढून थेट दाखवता येतं. रात्री अपघात विभागातून आत जायचं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. संकटाच्या वेळी जिल्ह्याची हद्द पाहायची नसते. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव हे तालुके जळगाव जिल्ह्यात असले तरी तिथल्या लोकांना धुळे जवळ पडतं. 'आपला जिल्हा जळगाव' म्हणून लांबचा रस्ता धरू नका. जवळचा दवाखाना तो आपला दवाखाना.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पहिल्या तासात मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९४ सांगतं की जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मानसिक आजारावर तातडीचे उपचार देऊ शकतो. नातेवाईक किंवा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. हे तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. म्हणजे पिंपळनेर, चोपडा किंवा बोदवडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला 'हे आमचं काम नाही' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आधी रुग्णाला स्थिर करायचं, मग पुढे पाठवायचं.

विषबाधेचा संशय असेल तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मीठ-पाणी, ताक, साबणाचं पाणी असं काहीही पाजू नका. जबरदस्तीने उलटी करायला लावू नका. माणूस बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवा. कपड्यांवर औषध सांडलं असेल तर ते कपडे काढा, अंग पाण्याने धुवा, पण स्वतः हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून. आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. डॉक्टरला त्यावरून उपचार ठरवता येतात. 'थोडंच घेतलंय, उतरेल' असं म्हणून सकाळची वाट पाहू नका. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो.

'पोलिस केस होईल' ही भीती

दवाखान्यात न्यायला उशीर होण्याचं हे एक मोठं कारण. घरातले आधी चर्चा करतात, ओळखीच्या कंपाउंडरला बोलावतात, 'पडला असं सांगू' असं ठरवतात. त्यात जो वेळ जातो, तोच वाचवण्याचा वेळ असतो. त्यामुळे कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगायला हवं.

भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं. त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने त्याची धार काढली. अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, असं हे कलम सांगतं. इतकंच नाही, तर तिला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुनं ३०९ घेतलेलंच नाही. सरकारी नोकराला त्याचं काम करण्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं, एवढाच मर्यादित गुन्हा कलम २२६ मध्ये आहे.

मग दवाखान्यात 'एमएलसी' का करतात? ती नोंद आहे, शिक्षा नव्हे. पोलिस येऊन जबाब घेतील, कुणी छळ केला का, कुणी धमकावलं का, ते विचारतील. एमएलसी व्हायची आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे : आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. हा नियम सरकारी डॉक्टरला लागू आहे, तसा खासगी डॉक्टरलाही.

आणखी एक. मानसिक आजारामुळे रस्त्यावर भरकटणारा माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला लॉकअपमध्ये टाकायचं नसतं. कलम १०० प्रमाणे २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. भुसावळसारख्या जंक्शनवर अशी माणसं नेहमी दिसतात. आपण व्हिडिओ काढतो. त्याऐवजी ११२ लावा.

घरच्यांनी बोलायचं काय?

'त्याला विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात तो विचार येईल' असा मोठा गैरसमज आहे. खरं उलटं आहे. थेट आणि शांतपणे विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट, कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो. विचारा : 'आबा, तुम्हाला जगणं नको वाटतंय का? जीव द्यावासा वाटतोय का?'

उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका, रागावू नका. लगेच सल्ला देऊ नका. आपल्याकडे पटकन तोंडात येणारी वाक्यं अशी : 'पोराबाळांचा तरी विचार करायचा', 'इतकं काय झालंय', 'गावात लोक काय म्हणतील', 'आमच्या वेळी यापेक्षा वाईट दिवस होते'. ही वाक्यं प्रेमानेच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला त्यातून एकच ऐकू येतं : आपण ओझं आहोत.

त्याऐवजी : 'मी इथेच आहे.' 'आज रात्री तुम्ही एकटे झोपायचं नाही, मी बाजूला खाट टाकतो.' 'आपण दोघं मिळून फोन लावू.' 'सकाळी मी सोबत येतो दवाखान्यात.'

आणि त्या रात्री घरातलं फवारणीचं औषध, गोळ्यांच्या पट्ट्या, जे काही धोक्याचं असेल ते कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. हे फार साधं वाटतं, पण आत्महत्या रोखण्याच्या उपायांत सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायाला आहे. तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्यात घरोघरी, कधी कधी खाटेखाली, औषधाचे डबे असतात. खळ्यात किंवा शेतातल्या खोलीत कुलपाची एक पेटी, हा खर्च फार नाही.

भगताकडे न्यायचं का, हाही प्रश्न घरोघरी येतो. कुणाची श्रद्धा काढून घ्यायचा इथे हेतू नाही. पण 'बाहेरचं आहे' म्हणून साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मंदिरात नारळ फोडायचा तर फोडा, पण डॉक्टरची तारीख त्यासाठी चुकवू नका.

आकडे आणि यादीत नसलेला खान्देश

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. शेती क्षेत्रातल्या ११ हजार २९० आत्महत्यांपैकी ४ हजार २४८ आपल्या राज्यातल्या. पण हा फक्त शेतकऱ्यांचा प्रश्न आहे असंही नाही. देशभरात आत्महत्या करणाऱ्यांत एक चतुर्थांशाहून अधिक लोक रोजंदारीवर काम करणारे होते.

राज्य सरकारने २०१५ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन ताणाखालची माणसं ओळखायची, त्यांना समुपदेशन आणि उपचारांपर्यंत पोहोचवायचं, अशी ती कल्पना. चांगली कल्पना होती. पण प्रकल्प सुरू झाला तो मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत. जळगाव आणि धुळे त्यात नव्हते. नाशिक विभागातल्या शेतकरी आत्महत्यांच्या नोंदींत जळगावचं नाव वारंवार वर येत असताना, नकाशावरच्या एका रेषेने आपण बाहेर राहिलो. शेजारचा बुलढाणा यादीत आणि त्याला लागून असलेला मुक्ताईनगर-बोदवडचा शेतकरी यादीबाहेर. दोघांच्या कापसाला भाव मात्र एकच.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला एकही नाही. आज मोठं मनोरुग्णालय बांधणं हाच उपाय आहे असं माझं म्हणणं नाही. संकटातल्या बहुतेकांना मनोरुग्णालयाची गरज नसते. त्यांना जवळचा दवाखाना आणि त्यानंतरचा पाठपुरावा हवा असतो. पण जिथे मोठी संस्था नाही, तिथे जिल्ह्यातली साखळी जास्त घट्ट हवी, एवढं तर मान्य व्हावं.

गायब दुवा : डिस्चार्जनंतरचा फोन

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हेल्पलाइन आहे, रुग्णवाहिका आहे, अपघात विभाग आहे, कायदा आहे. साखळी तुटते ती डिस्चार्ज कार्ड हातात पडतं तिथे. कार्डावर 'मानसोपचार ओपीडीत दाखवा' असं लिहिलेलं असतं. ओपीडी दिवसा असते, गाव लांब असतं, मजुरी बुडते, सोबत यायला कुणी नसतं. माणूस येत नाही आणि तो आला नाही हे कुणाला कळतही नाही.

यावर उपाय महागडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला. त्यातलं एक केंद्र आपल्या चेन्नईचं होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १ हजार ८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय डिस्चार्जच्या वेळी सुमारे तासभर समजावून सांगणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२ टक्के.

नऊ फोन. त्यासाठी एमआरआय मशीन लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

'डॉक्टरच नाहीत तर फोन कोण करणार', हा आक्षेप लगेच येईल. डॉक्टर कमी आहेत हे खरंच आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. पण हा फोन मानसोपचारतज्ज्ञाने करायचा नसतोच. आपल्याच विभागातल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, ४१ गावांत, 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो केला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या बाया-माणसांना प्रशिक्षण दिलं. ती ताणाखालच्या माणसाशी बोलायची, गरज पडली तर दवाखान्यात पोहोचवायची, सरकारी योजनेचा कागद भरून द्यायची. पुढे हाच प्रयोग गुजरातमधल्या मेहसाण्यात मोठ्या प्रमाणावर गेला आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चांगल्या उदाहरणांत त्याची नोंद घेतली. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने असंच काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गावात आशाताई शेजारचीच असते. ती घरी आली की गल्लीत बोभाटा होतो. पोरीचं लग्न ठरायचं असतं, भावकी टपलेली असते. म्हणून हा पाठपुरावा सरसकट घरी जाऊन करू नये. डिस्चार्जच्या वेळीच रुग्णाला विचारावं : फोन चालेल की भेट? कोणत्या नंबरवर? किती वाजता? गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, कलम २३ मध्ये तो लिहिलेला आहे. आणि आशाताईंवर हे काम टाकायचंच असेल तर त्याचा वेगळा मोबदला द्यावा. फुकटच्या कामांची त्यांची यादी आधीच लांब आहे.

मागायचं काय?

आपल्या आमदाराला, जिल्हा परिषद सदस्याला, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं तर मागण्या नेमक्या हव्यात. माझ्या मते या पाच :

१. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाची, त्याच्या संमतीने, पाठपुरावा नोंद. पहिला फोन आठवडाभरात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या एका माणसाच्या नावावर ही जबाबदारी.

२. जिल्हाधिकाऱ्यांच्या ज्या समितीपुढे मृत्यूची प्रकरणं येतात, तिच्याच बैठकीत वाचलेल्यांच्या पाठपुराव्याचा आढावा. नावं नकोत, फक्त आकडे : किती वाचले, किती जणांना फोन झाला, किती ओपीडीत आले.

३. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचार ओपीडी, आणि तो वार दवाखान्याच्या दारावर व ग्रामपंचायतीत लिहिलेला. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर उत्तम, कारण त्या दिवशी माणूस तालुक्याला येतोच आणि कुणाला कारण सांगावं लागत नाही.

४. १४४१६ हा नंबर जिथे माणूस असतो तिथे : कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, रेशन दुकानात, एसटीच्या सीटमागे, सोसायटीच्या कार्यालयात, बाजार समितीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेसना टेली-मानससह हेल्पलाइन ठळकपणे लावण्याचे आणि १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले आहेत. जळगाव-धुळ्यातल्या किती क्लासेस आणि होस्टेलच्या भिंतीवर तो नंबर आहे? पालकांनी फी भरताना एवढं तरी विचारावं.

५. 'प्रेरणा'सारखी कोणतीही योजना आखताना जिल्ह्यांची यादी विभागाच्या नावावर नव्हे, तर प्रत्यक्ष गरजेवर ठरावी.

यातल्या एकाही मागणीला कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागतो तो एक जबाबदार माणूस, एक वही आणि एक फोन.

सरकारने हे करेपर्यंत वाट पाहायची नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, जो मागच्या महिन्यात, मागच्या वर्षी त्या उंबऱ्यावरून परत आला आहे, तर त्या विषयावर बोलायचं टाळत असाल कदाचित. अवघड वाटतं, काय बोलावं सुचत नाही. विषय काढायची गरज नाही. 'नाना, चहाला येऊ का?' एवढं पुरे. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

*तुम्ही स्वतः आत्ता अशा अवस्थेत असाल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. फोन मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो. जीव तात्काळ धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८. शक्य असेल तर घरातल्या एकाला उठवा आणि फक्त इतकं सांगा : 'मला आज एकटं सोडू नका.'*